आर्सच्या धर्मगुरूची रात्र

फ्रान्समधील लियाँ शहराच्या उत्तरेला सुमारे ३५ किलोमीटरवर आर्स नावाचे एक खेडे आहे. १८१८ च्या फेब्रुवारीत तिथे झाँ-मारी व्हियान्ने हे नवे धर्मगुरू रुजू झाले, तेव्हा गावची वस्ती जेमतेम २३० होती. घरे बहुतेक मातीच्या भिंतींची, चर्च लहान आणि दुरवस्थेतले. अशा नेमणुकीला बढती म्हणण्याची कोणाची हिंमत झाली नसती. व्हियान्ने तिथे ४१ वर्षे राहिले आणि १८५९ साली तिथेच वारले. पोप अकरावे पायस यांनी १९२५ मध्ये त्यांना संतपद दिले आणि १९२९ मध्ये जगभरच्या धर्मग्रामप्रमुखांचे आश्रयदाते संत ठरवले. ४ ऑगस्टला त्यांचा सण येतो. वसईत आणि गोव्यातही त्या दिवशी धर्मगुरूंना शुभेच्छा दिल्या जातात, प्रवचनात आर्सच्या संताचे गुण सांगितले जातात, आणि त्यात एक वाक्य बहुधा असतेच: ते रोज फक्त दोन-तीन तास झोपत.

हे वाक्य आपण भक्तिभावाने ऐकतो आणि पुढे जातो. मला मात्र इतिहासाचा विद्यार्थी म्हणून त्यात एक साधा प्रश्न दिसतो. बाकीची झोप गेली कुठे? ती त्यांनी स्वतः सोडली, की कोणी घेतली?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला साधने आहेत आणि ती चांगली आहेत. व्हियान्ने यांच्या मृत्यूनंतर तीनच वर्षांनी, १८६२ मध्ये, बेले धर्मप्रांताच्या बिशपांनी चौकशी सुरू केली. संतपदाच्या प्रक्रियेत अशी चौकशी असते. गावकरी, सहायक धर्मगुरू, शाळेतल्या बायका, नोकरचाकर यांच्या शपथेवर साक्षी होतात. कातरीन लासान्य या स्त्रीने आठवणी लिहून ठेवल्या होत्या, त्याही हाताशी होत्या. आल्फ्रेड मोनँ या धर्मगुरूंनी व्हियान्ने यांना जवळून पाहिले होते. त्यांचे चरित्र १८६१ मध्येच निघाले. या सगळ्या साक्षींवर उभे असलेले फ्रान्सिस त्रोश्यू यांचे मोठे चरित्र १९२५ मध्ये, म्हणजे संतपदाच्या वर्षीच, आले. या साक्षीदारांना पावित्र्य सिद्ध करायचे होते हे उघड आहे. पण पावित्र्य सिद्ध करताना ते एक गोष्ट न कळत नोंदवून ठेवतात: किती वाजता. ते चर्चमध्ये किती वाजता येत, दूध किती वाजता घेत, दिवा किती वाजता विझे. संतचरित्र म्हणून नव्हे, एका कष्टकऱ्याच्या हजेरीपटासारखे ते वाचले, तर वेगळेच काही हाती लागते.

आधी एका गैरसमजाची वाट लावू. मध्यरात्री उठणे ही त्या काळी फार विचित्र गोष्ट नव्हती. अमेरिकी इतिहासकार रॉजर एकर्च यांनी औद्योगिक काळापूर्वीच्या युरोपातील झोपेचा अभ्यास करून असे मांडले आहे की लोक पुष्कळदा दोन हप्त्यांत झोपत: संध्याकाळनंतर पहिली झोप, मध्यरात्री तास-दोन तास जाग, मग दुसरी झोप. सर्वांना हे मत मान्य नाही, पण मठांची रात्रप्रार्थना याच जागेच्या वेळेत बसलेली होती हे खरे. मठातला साधू रात्री उठून स्तोत्रे म्हणे आणि अनेक ठिकाणी पुन्हा जाऊन पडे. आर्सच्या धर्मगुरूंची अडचण मध्यरात्री उठण्याची नव्हती. उठल्यावर पुन्हा अंथरुणाकडे जायला त्यांना वाटच नव्हती.

धर्मगुरूचा दिवस पहाटे सुरू होण्याला आणखी एक कारण होते, आणि ते आजच्या वाचकाला, ख्रिस्ती वाचकालाही, आठवून द्यावे लागते. मिस्सा अर्पण करणाऱ्याने आणि ख्रिस्तप्रसाद घेणाऱ्याने आदल्या मध्यरात्रीपासून अन्नाचा कण किंवा पाण्याचा घोट घ्यायचा नाही, असा कडक नियम होता. संध्याकाळी मिस्सा होत नसे. सर्व मिस्सा दुपारच्या आत. त्यामुळे शेतावर जाणाऱ्या माणसाला उपाशीपोटी फार वेळ ताटकळत ठेवायचे नसेल तर धर्मगुरूने लवकर उठणे भाग होते. त्यावर ब्रेव्हिअरीचे पठण. दिवसाच्या आठ प्रहरांची ठरलेली लॅटिन स्तोत्रे रोज म्हणणे धर्मगुरूवर बंधनकारक होते आणि ती चुकवणे हे गंभीर पाप समजले जाई. एकट्या रविवारच्या रात्रप्रार्थनेत १८ स्तोत्रे होती. ज्या दिवशी सर्वांत जास्त काम, त्याच दिवशी सर्वांत लांब पठण! ही व्यवस्था मठासाठी तयार झाली होती आणि जिथे एकटा माणूस घंटा वाजवतो, बाप्तिस्मा देतो, मयत पुरतो आणि हिशेब लिहितो अशा खेड्यावर ती जशीच्या तशी ठेवली गेली होती.

आता माणसाकडे येऊ. व्हियान्ने १७८६ मध्ये लियाँजवळच्या दार्दिली गावी शेतकऱ्याच्या घरी जन्मले. ते तीन वर्षांचे असताना फ्रेंच राज्यक्रांती झाली. १७९० च्या कायद्याने धर्मगुरूंवर राज्याशी निष्ठेची शपथ लादली. ज्यांनी ती नाकारली ते परागंदा झाले, काही मारले गेले, काही वेष पालटून खेडोपाडी लपून मिस्सा करू लागले. व्हियान्ने यांचा प्रथम ख्रिस्तप्रसाद १७९९ मध्ये एकुली येथे एका खासगी घरात झाला. आतला उजेड बाहेर दिसू नये म्हणून खिडक्यांपुढे गवताच्या गाड्या उभ्या केल्या होत्या. शाळा अशी त्यांना जवळजवळ मिळालीच नाही. विशीत आल्यावर ते आबे बाले या धर्मगुरूंकडे लॅटिन शिकायला बसले आणि लॅटिनने त्यांचा जीव काढला. मध्येच १८०९ मध्ये नेपोलियनच्या फौजेत भरतीचा हुकूम आला. आजारपण, मागे राहणे आणि मग ले नोए नावाच्या डोंगराळ गावात फरारी होऊन लपणे असे एक वर्षाहून अधिक प्रकरण झाले. लियाँच्या सेमिनरीतून त्यांना काही महिन्यांतच परत पाठवले, कारण लॅटिनमधून विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे त्यांना देता येईनात. तरीही १३ ऑगस्ट १८१५ रोजी ग्रनोब्ल येथे त्यांना गुरुदीक्षा मिळाली. त्यात बाले यांच्या आग्रहाचा वाटा मोठा होता, पण क्रांतीने आणि युद्धांनी फ्रान्समधले धर्मगुरू इतके घटवले होते की धर्मप्रांताला माणसे हवीच होती, हेही विसरता येत नाही. सुरुवातीला त्यांना कुमसार ऐकण्याची परवानगीसुद्धा दिली नव्हती. पुढे ज्या एका कामाने त्यांची रात्र खाल्ली, तेच हे काम.

कुमसार हा आपल्या वसई-गोव्याकडचा शब्द. पुस्तकी मराठीत पापनिवेदन. माणसाने धर्मगुरूपुढे गुडघे टेकून आपली पापे सांगायची, धर्मगुरूने उपदेश करून प्रायश्चित्त द्यायचे आणि देवाच्या नावाने क्षमा उच्चारायची. १२१५ च्या लॅटरन धर्मसभेने वर्षातून किमान एकदा ते सर्वांना बंधनकारक केले होते.

आर्समधली पहिली दहाएक वर्षे मी वेगळी काढतो. या वर्षांत त्यांना वेळ होता. गाव लहान, येणारे-जाणारे कमी. तरी ते पहाटेपूर्वी चर्चमध्ये जाऊन बसत. आठवड्याचे बटाटे एकदम उकडून ठेवत आणि शेवटी शेवटी बुरशी आलेले खात. गादी त्यांनी देऊन टाकली होती. रविवारचे प्रवचन लिहायला रात्री जात, कारण ते दुसऱ्यांच्या प्रवचनसंग्रहांतून उतरून काढत, मग पाठ करत, आणि तरी व्यासपीठावर मध्येच आठवेनासे होई. गावातल्या दारूच्या गुत्त्यांविरुद्ध आणि नाचाविरुद्ध त्यांनी जी मोहीम चालवली तिचे मला फारसे कौतुक नाही; तरुण पोरीबाळींना एका नाचासाठी वर्षानुवर्षे क्षमा नाकारणे ही आज कोणालाही जाच वाटेल अशीच गोष्ट होती. पण १८२४ मध्ये त्यांनी ‘प्रोव्हिदांस’ नावाची मुलींची मोफत शाळा काढली. कातरीन लासान्य आणि बनुआत लार्दे या दोन गावातल्याच मुली तिथे शिकवत. पुढे तिथे अनाथ मुली राहू लागल्या आणि त्यांच्या धान्याची, लाकडांची, कपड्यांची चिंता धर्मगुरूंनी आपल्या डोक्यावर घेतली. या पहिल्या काळातली झोप त्यांनी स्वतः सोडली होती. तो त्यांचा उपास होता. मनात आले असते तर तो त्यांनी मोडला असता.

१८३० च्या आसपास हे बदलले. बाहेरगावचे लोक येऊ लागले, आधी जवळपासचे, मग लियाँचे, मग दूरचे. का आले, याचे एक कारण धर्मशास्त्राच्या इतिहासात आहे. फ्रान्समधले धर्मगुरू त्या काळी कुमसारात फार कडक असत. पाप सांगितल्यावर लगेच क्षमा न देता महिनेच्या महिने माणसाला तिष्ठत ठेवायचे, सवय सुटल्याची खात्री पटल्यावरच क्षमा उच्चारायची, ही जॅन्सेनवादाच्या छायेतली रीत होती. व्हियान्ने स्वतः याच रीतीत वाढले होते. इटलीत आल्फोन्सुस लिग्वोरी यांनी मांडलेले सौम्य नीतिशास्त्र फ्रान्समध्ये पसरायला वेळ लागला. १८३२ मध्ये तोमा गुसे यांनी त्याच्या समर्थनार्थ पुस्तक लिहिले, १८३९ मध्ये लिग्वोरी संत झाले. आर्सचे धर्मगुरूही हळूहळू मऊ झाले. प्रायश्चित्त थोडके द्यायचे आणि उरलेले आपण त्या माणसासाठी करायचे, असा त्यांचा परिपाठ झाला. मला वाटते, गर्दीचे खरे कारण चमत्कारांच्या कथांपेक्षा हेच होते. ज्यांना आपल्या गावात वीस-वीस वर्षे क्षमा मिळाली नव्हती, किंवा गावच्या ओळखीच्या धर्मगुरूपुढे तोंड उघडायची लाज वाटत होती, ते इथे येत. आणि ‘उरलेले आपण करायचे’ याचा हिशेब पुन्हा त्यांच्याच रात्रीत मांडला जाई.

शेवटच्या वर्षांत दरसाल ८० हजार ते एक लाख माणसे आर्सला येत असा अंदाज चरित्रकार देतात. आकडा थोडा कमी धरला तरी काय फरक पडतो? लियाँहून आर्सला नियमित घोडागाड्या सुरू झाल्या होत्या. लियाँच्या स्थानकावर आर्ससाठी वेगळी खिडकी होती आणि तिथले तिकीट आठ दिवस चाले, असे त्रोश्यू सांगतात. कारण कुमसाराचा नंबर लागायलाच तितके दिवस जात. आर्समध्ये खानावळी निघाल्या, माळा आणि चित्रे विकणारी दुकाने निघाली. ज्या गुत्त्यांविरुद्ध धर्मगुरू भांडले होते ते गेले आणि त्यांच्या जागी त्यांच्याच नावावर चालणारा धंदा आला. आपल्याकडच्या तीर्थक्षेत्रांत वावरलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

आता दिवस पाहा. रात्री एकच्या सुमारास, कधी त्याही आधी, ते हातात कंदील घेऊन घरातून चर्चमध्ये येत. घंटा होई. दारापाशी बाया आधीच बसलेल्या असत. सकाळी सहा-सातपर्यंत बायांचे कुमसार. मग मिस्सा. मिस्सेनंतर माळा, पदके यांना आशीर्वाद, मग कपभर दूध. त्यानंतर साक्रिस्तीत पुरुषांचे कुमसार. मधेच ब्रेव्हिअरीचा काही भाग गुडघ्यांवर. अकरा वाजता चर्चमध्ये धर्मशिक्षण, ज्याला आता लहान मुलांपेक्षा यात्रेकरूच जास्त असत. बाराला प्रार्थनेची घंटा आणि जेवण. जेवण बहुधा उभ्यानेच, चार घासांचे. चर्चपासून घरापर्यंतचे अंतर काही पावलांचे, पण तेवढे चालायला वेळ लागे, कारण लोक झग्याला हात लावत, कोणी कात्रीने कापडाचा तुकडा काढून घेई. मग गावातले आजारी. मग पुन्हा कुमसार, बायांचे आणि पुरुषांचे, संध्याकाळच्या प्रार्थनेपर्यंत. रात्री आठ-नऊला घरी. तिथेही सहायक, पाहुणे, पत्रे. उन्हाळ्यात दिवसाकाठी सोळा-सतरा तास त्या लाकडी पेटीत बसणे होई, हिवाळ्यात अकरा-बारा. हिवाळ्यात पाय बधिर होत, उन्हाळ्यात माणसांच्या श्वासाने आतली हवा कोंदे. डोकेदुखी आणि हर्निया त्यांना होताच. आपल्या देहाला ते थट्टेने ‘प्रेत’ म्हणत.

उरलेल्या तीन-चार तासांत तरी झोप लागे का? इथे एक प्रकरण येते ज्यावर शंभर वर्षे चेष्टा आणि भक्ती दोन्ही झाल्या आहेत. १८२४ च्या सुमारास त्यांच्या घरात रात्री आवाज येऊ लागले: दारावर धक्के, पडदे फाटल्यासारखा आवाज, छपरावर घोडे दौडल्यासारखे. प्रथम त्यांना चोर वाटले. त्यांनी आंद्रे व्हेर्शेर नावाच्या गावातल्या धट्ट्याकट्ट्या गाडे बनवणाऱ्या तरुणाला बंदूक घेऊन राखणीला बोलावले. व्हेर्शेरनेही आवाज ऐकले, तो भ्यायला आणि दुसऱ्या रात्री यायला तयार होईना. व्हियान्ने यांनी ठरवले की हा सैतान. त्याला त्यांनी ‘ग्रापँ’ असे नाव ठेवले. तीसेक वर्षे हा त्रास चालला. शेजारच्या धर्मगुरूंना वाटे, उपाशी राहिले आणि झोप सोडली की कानात असेच वाजते. आजचा वैद्यही बहुधा हेच म्हणेल. व्हेर्शेरची साक्ष त्या स्पष्टीकरणात नीट बसत नाही, हेही मी नमूद करतो. पण माझ्या प्रश्नापुरते पाहायचे तर आवाज कोणाचे होते याने फरक पडत नाही. ते रात्रीचे होते, आणि दिवसाच्या गर्दीने शिल्लक ठेवलेले दोन-तीन तासच त्यांनी गाठले. १८५७ च्या फेब्रुवारीत तर त्यांचा पलंगच जळाला.

अशा माणसाने पळून जाण्याचा प्रयत्न केला नसता तरच नवल. त्यांनी तो निदान तीन वेळा केला. चरित्रकार याला एकांताची ओढ म्हणतात. आपल्या ‘दरिद्री आयुष्याबद्दल’ रडायला त्यांना एक कोपरा हवा होता, हे त्यांचेच सांगणे. मला त्यात खोटे काही दिसत नाही. पण एकांत मागणारा माणूस दर वेळी रात्रीच का निघतो, हेही पाहायला हवे.

पहिल्या खेपेला, १८४० मध्ये, ते अंधारात गावाबाहेर रस्त्यावरच्या एका क्रुसापर्यंत गेले, तिथे थांबले, विचार केला आणि परत येऊन कुमसाराला बसले. दुसरी खेप १८४३ ची. त्या वर्षी मे महिन्यात ते न्युमोनियाने इतके आजारी पडले की शेवटचे संस्कार झाले. बरे झाल्यावर सप्टेंबरात ते रात्री निघून पायी दार्दिलीला भावाच्या घरी गेले. काही दिवस झोप मिळाली असावी. पण यात्रेकरूंना पत्ता लागला. ते दार्दिलीला येऊन कुमसार मागू लागले. आर्सच्या गावकऱ्यांच्याही खेपा सुरू झाल्या. आठवड्याभरात ते परतले.

तिसरी खेप, १८५३ च्या सप्टेंबरातली, नाटकात शोभेल अशी आहे. त्या वर्षी आधीचे सहायक आबे रेमाँ यांची बदली होऊन आबे तोकानिए आले होते. ३ सप्टेंबरच्या रात्री धर्मगुरू गुपचूप निघणार ही बातमी फुटली. शाळेचे ब्रदर आणि तोकानिए पाळत ठेवून बसले. मध्यरात्री ते हातात गाठोडे आणि काखेत ब्रेव्हिअरी घेऊन बाहेर पडले. वाटेत फोंब्लँ ओढ्याच्या फळीपाशी यांनी त्यांना गाठले. समजावणीचा उपयोग होईना, तेव्हा तोकानिए यांनी ब्रेव्हिअरी काढून घेतली. हिशेब अचूक होता: पठणाचे बंधन चुकवून हा माणूस पुढे जाणार नाही! ते दुसरी प्रत घ्यायला घरी परतले. तेवढ्यात चर्चची धोक्याची घंटा वाजवली गेली. आग लागली समजून लोक बादल्या घेऊन, कोणी चोर आले समजून काठ्या घेऊन धावले. यात्रेकरू कंदील घेऊन अंगणात जमले आणि दार अडवून उभे राहिले. कोणी म्हणाले, जायचे तर जा, पण आधी माझे कुमसार ऐका. थोड्या वेळाने ते चर्चमध्ये गेले, झगा घातला आणि पेटीत जाऊन बसले. ते वय वर्षे ६७.

या रात्रीचे वर्णन भक्तिसाहित्यात मोठ्या जिव्हाळ्याने येते: गावाचे प्रेम पाहा, म्हणून. प्रेम होतेच. पण त्या अंगणात खानावळवालेही होते, गाडीवालेही होते, आणि आठ दिवसांचे तिकीट काढून आलेला, पाचव्या दिवशीही नंबर न लागलेला माणूसही होता. त्या सर्वांना मिळून एक थकलेला म्हातारा हवा होता, आणि तो त्यांनी जाऊ दिला नाही.

त्यांना रजा मिळू शकली नसती का? चर्चचा कायदा त्यांना वाटतो तितका निर्दय नव्हता. ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ मध्ये धर्मगुरूने आपल्या गावीच राहिले पाहिजे असा दंडक घातला, कारण त्याआधी उत्पन्न खाऊन शहरात राहणाऱ्यांचा सुळसुळाट झाला होता. पण त्याच ठरावात बिशपच्या लेखी परवानगीने दोन महिन्यांपर्यंत बाहेर राहण्याची मुभाही आहे. बिशप दव्ही हे समजूतदार गृहस्थ होते. त्यांनी विश्रांतीची कळकळ दाखवली, १८४३ मध्ये पर्यायी जागाही पुढे केली. मात्र राजीनामा कधी घेतला नाही. बेले धर्मप्रांताला आर्स परवडण्याजोगे नव्हते ते फक्त आर्सच्या धर्मगुरूशिवाय. सहायक दिला तोही १८४५ मध्ये, म्हणजे नेमणुकीनंतर सत्तावीस वर्षांनी. आणि या रेमाँसाहेबांना वाटे की खरा कारभार आपणच चालवतो आहोत. १८४७ च्या सुमारास प्रोव्हिदांस शाळा ननांच्या संस्थेकडे सोपवायला लावली. कामाचा भार कमी झाला असे कागदावर म्हणता येईल. प्रत्यक्षात दिवसातून ज्या एका घरात ते दोन घास खात आणि लहान मुलींशी बोलत, ते घर परके झाले. मान मात्र भरपूर मिळाला. १८५२ मध्ये बिशप शालांदाँ यांनी त्यांना मानद कॅनन केले आणि रेशमी खांद्यावस्त्र घातले. ते त्यांनी लगेच ५० फ्रँकला विकून पैसे गरिबांना दिले. १८५५ मध्ये सरकारने लेजिओं द'ऑनर दिले. झोप देण्याचा अधिकार ज्यांच्या हाती होता त्यांनी पदके दिली, असे मी म्हटले तर ते फार कडू होईल, पण खोटे होणार नाही.

पुढची गोष्ट थोडी वेगळ्या दिशेने जाते, आणि ती मला महत्त्वाची वाटते. १९०५ मध्ये व्हियान्ने यांना ‘धन्य’ घोषित करणारे पोप दहावे पायस हे स्वतः इटलीतल्या तोम्बोलो आणि साल्झानो या खेड्यांत सतरा वर्षे काम केलेले धर्मगुरू होते. रविवारच्या पठणाचा भार त्यांनी अंगावर घेतलेला होता. १९११ मध्ये त्यांनी ब्रेव्हिअरीची फेररचना केली आणि रविवारच्या रात्रप्रार्थनेतली १८ स्तोत्रे ९ वर आणली. १९५३ मध्ये बाराव्या पायस यांनी उपासाच्या काळात पाणी पिण्यास मोकळीक दिली आणि संध्याकाळच्या मिस्सेचे दार उघडले. १९५७ मध्ये मध्यरात्रीचा उपास तीन तासांवर आला, १९६४ मध्ये एक तासावर. वसईच्या वाडीत भाजीची टोपली भरून पहाटे मुंबईला निघणाऱ्या माणसाला रविवारी संध्याकाळी मिस्सा मिळते ती या बदलांमुळे. १९८३ च्या धर्मसंहितेत धर्मग्रामप्रमुखाला वर्षाला एक महिन्यापर्यंतच्या सुट्टीची तरतूद आहे. आर्सचे नाव यांपैकी कुठल्याही कलमात नाही.

आदर्श मात्र तसाच राहिला. गोव्यातले आग्नेल डिसोझा हे धर्मगुरू १९१८ पासून राशोल सेमिनरीत आध्यात्मिक मार्गदर्शक होते. कुमसार आणि प्रवचने यांत ते अखंड बुडालेले असत. १९ नोव्हेंबर १९२७ रोजी प्रवचन करता करता ते व्यासपीठावरच कोसळले आणि दुसऱ्या दिवशी गेले. वय ५८. आज त्यांचे भाविक पिलारला गर्दी करतात. आर्सच्या संताला पदवी मिळून तेव्हा दोनच वर्षे झाली होती. एकाचा दुसऱ्यावर प्रभाव होता असा दावा मी करत नाही. पण धर्मगुरूने काम करता करता पडावे हे मरण सुंदर, ही समजूत दोन्हीकडे एकच आहे.

१८५९ चा जुलै आर्समध्ये फार तापला. २९ तारखेला व्हियान्ने नेहमीप्रमाणे रात्री एकला चर्चमध्ये गेले, दिवसभर बसले, आत गुदमरून अनेकदा बाहेर यावे लागले. संध्याकाळी घरी आले ते कोणाच्या तरी हातावर टेकत. ३० च्या रात्री त्यांना उठता आले नाही. डॉक्टर आले. घरात गारवा राहावा म्हणून गावकऱ्यांनी घरावर कापड टाकून ते पाण्याने भिजते ठेवले, असे सांगतात. खाली यात्रेकरू होतेच; ते गेले नाहीत. २ ऑगस्टला शेवटचे संस्कार झाले, ३ ला संध्याकाळी बिशप लांगालरी पोहोचले. ४ ऑगस्टला पहाटे दोन वाजता, फारसा त्रास न होता, ते वारले. वय ७३ होते. एरवी त्या वेळी कुमसाराला बसून त्यांना तासभर झालेला असे. त्या पहाटे बाहेर रांगेत उभ्या असलेल्या माणसांना बातमी घंटेने कळली.